साडेसहा फूट बाय अडीच

त्यांनी स्वतः काढलेल्या एकाही नकाशावर आपलं नाव टाकलं नाही. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. रेखाटले, तपासले, मंजूर केले. त्यातल्या ‘रेखाटले’समोर ते पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे आणि शीट पुढे सरकवायचे. साहेब चिडायचे. ‘अहो, ऑडिटला काय सांगू? ठिपक्यानं काढला म्हणून?’ यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘नकाशावर बाण उत्तरेचा असतो साहेब, माणसाचा नसतो.’ शेवटी शिपाई जाऊन त्यांच्या नावाचा रबरी शिक्का मारून आणायचा. म्हणून मीही इथं त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि त्यांना न आवडणारी एक गोष्ट मी आधीच करून ठेवलेली आहे.

ते आमच्या नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते, म्हणजे ड्राफ्ट्समन. मी डिप्लोमा करून तिथं लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असतील. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, ‘उद्या सकाळी कळव्याला जा. चिंच नाक्यावर आपला एक माणूस सहा वाजता असतो. त्याच्याकडून मापं घेऊन ये. आणि त्याच्याशी वाद घालू नकोस, सकाळ जाईल.’

चिंच नाक्यावर चिंच नाही. कागदोपत्री त्या चौकाला कुणा पुढाऱ्याचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो विचारतो, कुठे आलं हे? एक रस्ता स्टेशनकडून येतो, एक जुन्या गावठाणातून, एक खाडीकडे स्मशानात उतरतो आणि चौथा पूर्वी मिठागरांकडे जायचा, तो आता एका मोठ्या सोसायटीच्या गेटाशी संपतो. चारही रस्ते बेताचेच रुंद. पण जिथं ते भेटतात तिथं जमीन एकदम ऐसपैस होते, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. हा ऐसपैसपणा कुठून आला, हा त्यांच्या आयुष्यातला प्रश्न होता. बायकोपेक्षा जास्त वेळ त्यांनी त्याला दिला, असं त्यांची मुलगी म्हणायची. ती हे हसत म्हणायची, पण चेष्टेत नव्हे.

मी पोचले तेव्हा बुशशर्ट घातलेला एक काटकुळा माणूस स्वैपाकघरातली पिठाची चाळणी घेऊन अख्ख्या चौकात फक्की चाळत होता. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेघा मारतात ती. कानावर पेन्सिल. पायात जाड टाचेच्या चपला. ट्रॅफिकचा हवालदार कमरेवर हात ठेवून बघत होता.

‘काय हो, कोण मंत्री येतोय का?’ त्यानं विचारलं.

‘तुम्ही येताय,’ हे म्हणाले. ‘या, नेहमीसारखे चालत या. मुद्दाम नको.’

हवालदार खरंच चालत गेला आणि मागे वळून आपलीच पावलं बघत उभा राहिला. मग दूधवाले आले, शाळेची मुलं आली, स्टेशनकडे धावणारी माणसं आली. नऊ वाजता हे मला घेऊन एका शिंप्याच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चढले. खाली चौक पसरला होता आणि त्यावर पांढऱ्यात काळे पट्टे उमटले होते. लोक कुठून कुठं जातात, कुठं कडेनं वळतात, कुठं दोघं-तिघं उभे राहून बोलतात, सगळं. गुडघ्यावर ड्रॉइंगचा पाट ठेवून ते भराभर उतरवून घेत होते. मी म्हटलं, ‘केवढं पुसलं गेलंय!’

‘पुसलेलं सगळेच बघतात,’ ते म्हणाले. ‘तुम्ही न पुसलेलं बघा.’

मी बघितलं. चौकाच्या मधोमध नाही, खाडीच्या रस्त्याच्या तोंडाशी जरा अलीकडे, एक लांबट तुकडा पांढराच्या पांढरा राहिला होता. सकाळची एवढी गर्दी, पण तिथं पाऊल नव्हतं. ‘योगायोग असेल,’ मी म्हटलं. त्यांनी पाटाखालून जुनी शीटं काढली. वेगवेगळ्या सालातली, वेगवेगळ्या ऋतूतली. सगळ्यांवर तो तुकडा तिथंच होता.

त्या चौकाचे त्यांनी अकरा नकाशे काढले होते. जुन्या पेशंटच्या केसपेपरसारखा प्रत्येक बदल त्यांत नोंदलेला, आणि सगळे एका पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेले. पहिल्यावर चिंच होती आणि पाण्याचा हापसा. तिसऱ्यावर चिंच नुसती ठिपक्यांच्या वर्तुळात, म्हणजे तोडलेली. पाचव्यावर रिक्षास्टँड, सातव्यावर हापसा बंद. प्रत्येक शीटवर शाई आणि पेन्सिल अशा दोन प्रकारच्या रेघा. कचेरीतला नियम असा की पेन्सिल कच्ची, शाई पक्की, आणि शेवटी पेन्सिल खोडून टाकायची. हे खोडत नसत. गटार, फूटपाथ, खांब, सरकारनं जे बांधलं ते शाईत. माणसं जे करतात ते पेन्सिलीत. कुठे भाजीवाली बसते, कुठे म्हातारे उन्हाला टेकतात, कुठे शाळेची मुलं आईचा हात सोडतात. ‘शाईचं बदलायला ठराव लागतो,’ ते म्हणायचे. ‘पेन्सिलीचं लोक न विचारता बदलतात. म्हणून ते जास्त जपून काढायचं.’

माणूस चक्रम होता यात शंका नाही. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटाचं होतं, तरुणपणी सराव करून बसवलेलं. ते बिघडू नये म्हणून त्यांनी तीस वर्षं एकाच चांभाराकडून एकाच मापाच्या चपला करून घेतल्या. मुलीनं एकदा हौसेनं स्पोर्ट्स शूज आणले, त्यांचं त्यांनी खोकंसुद्धा उघडलं नाही. रिक्षानं कुठे जायचं असलं तर चौक आला की उतरायचे, चालत ओलांडायचे आणि पलीकडे त्याच रिक्षात बसायचे. रिक्षावाले ओळखीचे झाले होते, ते मुकाट्यानं पुढे जाऊन थांबत. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, त्यात चौकातली कुत्रीही आली. फक्की टाकताना एखादं मध्ये झोपलेलं असलं की, ‘जरा सरकता का हो?’ आणि ते सरकेपर्यंत थांबायचे. कचेरीत कुणी ‘तिथं ट्रॅफिक फार’ म्हटलं की लगेच, ‘ट्रॅफिक म्हणजे कोण? नावं सांगा.’

एकदा विठ्ठलवाडीला पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, कशी आहे मुलगी? त्यांना काही सांगता येईना. स्टेशनबाहेरच्या नाक्यावर माणसं कुठल्या बाजूनं रिक्षाची वाट बघतात त्याचं चित्र मात्र त्यांनी तिथल्या तिथं पाकिटावर काढून दाखवलं. रविवारी खोपटच्या एसटी डेपोत जाऊन बसायचे, कुठेही जायचं नसताना. लोक कसे थांबतात ते बघायला. रस्ता सरकार करतं, चौक थांबणारे करतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही पाठीमागे त्याची नक्कल करायचो. मीसुद्धा करायचे, आणि चांगली करायचे.

चौकाच्या ऐसपैसपणाबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. मिठागरांवरून मीठ भरून येणाऱ्या बैलगाड्यांना वळायला जागा लागायची, म्हणून लोकांनी तिथं घरं मागे घेतली. हे त्यांनी नवव्या शीटच्या समासात लिहूनही ठेवलं होतं. लांबट तुकडा म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, असं त्यांचं गणित. पण गाड्या जाऊन एवढी वर्षं झाली तरी लोक ती जागा का सोडतात, ते त्यांना सुटत नव्हतं.

ते सोडवलं बयनं. बय म्हणजे गावठाणातली एक म्हातारी. तरुणपणी मिठागरावर राबलेली, पायाचे तळवे शेवटपर्यंत लाकडासारखे. शेतीच्या जागेवर आता घरच्यांची चार मजली बिल्डिंग उभी होती, नातवाकडे मोठी गाडी होती, पण फ्लॅटमध्ये हिचा जीव घाबरायचा. म्हणून रोज सकाळी येऊन चौकाच्या कोपऱ्यावर बसायची, विकायला काही नसताना. ह्यांच्या हातात नेहमी कागदांची पिशवी असायची, म्हणून तिला हे मास्तर वाटायचे.

त्या दिवशी मी बरोबर होते. ते नेहमीप्रमाणे त्या पांढऱ्या तुकड्याभोवती टेप लावत होते. बयनं हाक मारली.

‘मास्तर, यो काय खेल लावलाय रोज सकालचे?’

‘ही जागा मोजतोय हो. इथून कुणी चालत का नाही?’

बय हसली. तिला हा प्रश्नच वाटला नाही. ‘कशे चालतील? यो इसावा हाय. गावान कोन गेला का हितं खाली ठेवतान. खांदा बदलतान. मंग म्होरं गडी नेतान, खारीवर.’

विसावा. खाडीवरच्या स्मशानात नेताना तिरडी खाली टेकवायची जागा. हे टेप हातात धरून तसेच उभे राहिले.

‘आनि आमी बायका हितूनशी परत फिरतो,’ बय म्हणाली. ‘घरापासून हितपोत आमी जातो. म्होरं नाय. म्हनून हितं बसाचा, जिचा काय बोलाचा रायला असंल तिनं कानान बोलाचा, आनि फिराचा. माज्या सासूला मी हितं बोललेलू. नवऱ्याला बी.’

मग हे खाली उकिडवे बसले आणि त्यांनी त्या तुकड्याची मापं घेतली. साडेसहा फूट बाय अडीच. चौक एवढा ऐसपैस का, ते आता दिसत होतं. चार जणांनी तिरडी टेकवायची, चार जणांनी पुढे यायचं, भोवती गावच्या बायका, आणि पाठीमागे सगळं गाव. त्यासाठी कधीतरी चार बाजूंच्या घरांनी आपापली भिंत मागे घेतली होती. बैलगाड्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी पिशवीतून नववं शीट काढलं आणि समासातलं स्वतःचं टिपण तिथंच रस्त्यावर बसून खोडलं. ‘चुकलो,’ म्हणाले, बयला नमस्कार केला, आणि नव्या, अकराव्या शीटवर तो चौकोन पेन्सिलीनं तुटक रेघेत काढला.

खाडीवरच्या ब्रिजवरून कचेरीत परत येताना त्यांनी मला विचारलं, ‘तुमचे वडील गेल्या वर्षी गेले ना? तुम्ही कुठपर्यंत गेलात?’

‘लिफ्टपर्यंत,’ मी म्हटलं.

आमच्या सोसायटीत तसंच असतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर उभं करावं लागतं, त्यात दोनच माणसं मावतात. खाली गाडी उभी असते. मी जिन्यानं उतरेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं. मला बाबांना जे सांगायचं होतं ते अजून माझ्यापाशीच आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी पुढे खाडी संपेपर्यंत दुसरा विषय काढला नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली. हे दोन वाक्यं बोलले आणि बसले. मग माझ्या टेबलापाशी आले आणि अकराव्या नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. ‘हा तुमच्याकडे. शाईचं काय, ते दहा ठिकाणी आहे. यातली पेन्सिल सांभाळा.’

मी सांभाळली नाही.

दोन वर्षांनी चिंच नाक्याचं सुशोभीकरण निघालं. मध्ये गोल बेट, त्यात कारंजं, रेलिंग, रंगीत दिवे, फोटो काढायला रंगीत अक्षरं. कन्सल्टंटला चौकाचा मूळ नकाशा संगणकावर हवा होता. मी अकरावं शीट स्कॅन केलं आणि त्यावरून ऑटोकॅडमध्ये रेघा उतरवायला बसले. स्क्रीनवर सगळं आलं होतं. शाई काळी आली होती आणि पेन्सिल करड्या रंगात, फिकी, पण स्पष्ट. भाजीवालीही होती. तो तुटक रेघेचा चौकोनही होता. मी तो उतरवलासुद्धा. मग साहेब मागे येऊन उभे राहिले. ‘हे काय आहे? उद्या मीटिंगला वरचे लोक आहेत. ड्रॉइंग क्लीन पाहिजे, फालतू रेघा नकोत.’

मला एक वाक्य बोलायचं होतं. सर, इथं गावची तिरडी टेकवतात. फक्त एवढं. पण दुसऱ्या दिवशी एसी केबिनमध्ये, त्या सगळ्या शर्ट-पँटवाल्यांसमोर, कारंज्याच्या चित्राशेजारी उभं राहून मी हे बोलतेय, असं डोळ्यांसमोर आलं आणि मला लाज वाटली. लोक हसतील, म्हणतील त्या चक्रम म्हाताऱ्याची चेली. मी चौकोन सिलेक्ट केला आणि डिलीट दाबलं. त्या नकाशावर ‘रेखाटले’समोर माझं पूर्ण नाव आहे. बेटाचं वर्तुळ कन्सल्टंटनं खाडीच्या रस्त्याकडे थोडं सरकवलं, वाहनांच्या वळणासाठी. ते नेमकं त्या जागेवर बसलं.

खणायला सुरुवात झाली त्या सकाळी ते तिथं होते. मी साइटवर गेले होते. खड्ड्याच्या कडेला उभे राहून ते आत बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं.

‘तुमच्या संगणकात पेन्सिल नसते का?’ त्यांनी विचारलं. खोचकपणे नव्हे. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

‘असते,’ मी म्हटलं. ‘पण आपला स्कॅनर जुना आहे. पेन्सिल उमटलीच नाही त्यात.’

त्यांनी मान हलवली. ‘मग नवीन घ्यायला सांगा त्यांना,’ म्हणाले आणि वळले. त्यानंतर त्यांनी तो चौक कधी ओलांडला नाही. घर चौकाजवळच होतं, पण स्टेशनला जायला ते त्या मोठ्या सोसायटीच्या मागच्या गल्लीतून वळसा घालायचे, अडीच फुटाच्या पावलानं, चौदाशे पावलं जास्त.

आणि अर्ज लिहायला लागले. दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या आवकला त्यांचा एक अर्ज यायचा. वळणदार अक्षर, विषय एकच. नकाशे स्कॅन करण्याच्या यंत्रात पेन्सिलीच्या रेषा उमटत नसल्याबाबत व सदर यंत्र तातडीने बदलण्याबाबत. त्यात कुणालाही दोष दिलेला नसे. ‘आपल्या कर्मचाऱ्यांचे काम चोख असूनही यंत्रातील दोषामुळे’ असं वाक्य प्रत्येक अर्जात असायचं. अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर यायचे. मी त्यावर ‘दप्तरी दाखल’ लिहायचे आणि फाइलला लावायचे. किती, ते मी मोजले नाहीत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, की मला स्वतःहून बोलता यावं म्हणून दर वेळी दार उघडं ठेवलं, हे मला आजही ठरवता येत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बय गेली ते कारंजं सुरू झाल्यानंतरच्या वर्षी. मी मुद्दाम गेले. घरच्यांनी गाडी बोलावली नव्हती, बयनं तशी ताकीद दिलेली होती. तिरडी गावठाणातून निघाली, मागे बायका. चौकात आले तर समोर रेलिंग. पुढच्या खांदेकऱ्यांचं पाऊल क्षणभर अडखळलं. मागून बस हॉर्न मारत होती. कुणीतरी ‘चला, चला’ म्हणालं आणि ते बेटाला वळसा घालून तसेच खाडीकडे उतरले. बायका रेलिंगपाशी थांबल्या. कारंजं चालू होतं. बयची थोरली सून इकडे-तिकडे बघत होती, हात पदरात. ‘आता कुठूनशी फिराचा?’ तिनं विचारलं. तिरडी दिसेनाशी झाली आणि मग त्या सगळ्या तशाच, न बसता, न बोलता, परत गेल्या. मी फूटपाथवर होते. ते पलीकडे गल्लीच्या तोंडाशी उभे होते, चौकात न येता. आमची नजरानजर झाली आणि मी आधी मान फिरवली.

त्यांना भेटायला मी दोन-तीनदा गेले. प्रत्येक वेळी ठरवून, आज सांगायचंच. ते चहा करायचे, नवीन कुठल्या चौकात लोक कुठे थांबतात ते सांगायचे, आणि जिन्यापर्यंत सोडायला यायचे. मी जिना उतरायचे.

गेल्या थंडीत, एका शनिवारी सकाळी, त्यांच्या मुलीचा फोन आला. मी पोचले तेव्हा घरात माणसं जमली होती. गाडी सांगितलीय, जावई म्हणाले. तेवढ्यात बयचा नातू आला, मागे गावठाणातले दहा-बारा जण.

‘गाडी नको,’ तो म्हणाला. ‘मास्तरांना आम्ही नेतो. खांद्यावर.’

‘अरे पण तुमचे आणि आमचे…’ जावई अडखळले.

‘आमच्या बयचा इसावा कुनी मोजलेला? मास्तरांनीच ना? मग ते आमचेच.’

मुलीनं मान डोलावली. मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले तर गॅलरीत दाराआड चाळणी टांगलेली होती आणि खाली अर्धं पोतं फक्की. शेजारच्या टेबलावर एक अर्ज होता, निम्मा लिहिलेला. विषय तोच. ‘आपल्या कर्मचाऱ्यांचे काम चोख असूनही’ इथपर्यंत आला होता. मी तो वाचला आणि मला तिथं उभं राहवेना. चाळणी काढली, एका पिशवीत फक्की भरली आणि कुणाला न सांगता खाली उतरले.

चौकात मी त्यांच्या आधी पोचले. हवालदार नवीन होता. त्याला म्हटलं, ‘पाच मिनिटं हा रस्ता थांबवा.’

‘मॅडम, कोण येतंय?’

‘इथला माणूस येतोय,’ मी म्हटलं. माझा चेहरा बघून त्यानं पुढे विचारलं नाही, शिट्टी वाजवली.

मूळ जागा कारंज्याखाली होती, ती काही मला परत देता येणार नव्हती. मी रेलिंगला लागून, खाडीच्या रस्त्याच्या तोंडाशी, डांबरावर खाली बसले. टेप नव्हता. लागलाही नाही. ते माप मला पाठ होतं, मीच ते खोडलेलं. चाळणीनं रेघ येत नाही, म्हणून ती बाजूला ठेवली आणि मुठीतून फक्की सोडत चार रेघा मारल्या. साडेसहा फूट, अडीच, साडेसहा, अडीच. रेघा वाकड्या आल्या. त्यांना चालल्या नसत्या.

माणसं आली. पुढे नातू होता. त्यानं रेघा बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि ‘ठेवा’ म्हणाला. त्यांनी तिरडी चौकोनात टेकवली. बरोबर मावली. पुढचे मागे झाले, मागचे पुढे. गावठाणातल्या बायका कुठून आल्या कळलं नाही, पण आल्या होत्या, बयची थोरली सूनही. मुलगी तिथं नुसती उभी होती, तिला काय करायचं माहीत नव्हतं. सुनेनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ‘बोल बाय,’ म्हणाली. ‘काय रायला असंल तं बोल. आपुन हितूनशी फिराचा.’

ती वाकून खूप वेळ बोलली. मग उठली आणि माझ्याकडे बघून बाजूला सरकली.

मी बसले. कानात कापूस होता. मी तरीही कानाशी तोंड नेलं.

‘स्कॅनर चांगला होता,’ मी म्हटलं. ‘सगळं दिसत होतं. मी पुसलं. मला लाज वाटली म्हणून पुसलं.’

आणखी काही बोलायचं होतं, बाबांचंही काही मध्येच आलं, पण ते सगळं एकत्र झालं. सुनेनं मला उठवलं. त्यांना उचललं गेलं. आम्ही बायका परत फिरलो.

रविवारी सकाळी सहाला मी परत चिंच नाक्यावर गेले. झाडूवाल्या बाईनं सगळा चौक झाडला होता आणि ती जागा सोडली होती. आदल्या दिवसभराच्या बस, रिक्षा, टेम्पो गेले होते. मी उभी असताना स्टेशनकडून एक रिक्षा आली, चौकोनापाशी हळू झाली आणि बाजूनं गेली. मी ओणवी होऊन बघितलं. तीन बाजूंच्या रेघा तशाच होत्या, पांढऱ्या, वाकड्या. चौथी पुसली गेली होती. तिथं आम्ही बसलो होतो.